दोघांचे दोन फ्लॅट आणि टॅक्सचं त्रांगडं

ठाणे-नवी मुंबईत आमच्या वयाच्या जोडप्यांमध्ये एक प्रकार अगदी कॉमन आहे, त्याचा एक वन बीएचके आणि तिचा एक वन बीएचके, दोन्ही लग्नाआधीचे. नोकरी लागली की घरचे मागे लागायचे, भाड्यात पैसे घालवू नकोस, हप्ता भर, त्यामुळे पंचविशी-तिशीत लोन काढून जे परवडलं ते घेतलं, मग लग्न झालं, मग एका घरात संसार आणि दुसऱ्यात भाडेकरू. दहा-बारा वर्षांत मुलं मोठी होतात, सासूबाई नाहीतर आई-बाबा सोबत राहायला येतात, हॉलमधला सोफा-कम-बेड रोज रात्री उघडायचा आणि सकाळी मिटायचा याचा वीट येतो आणि मग रात्रीच्या जेवणाला एकच विषय, दोन्ही विकून एक मोठं घ्यायचं का.

आमचंही तेच चाललंय. माझा फ्लॅट नेरूळला, २०१० मध्ये घेतलेला. नवऱ्याचा ठाण्यात मानपाड्याला, २०१२ चा. राहतो मानपाड्याला. नेरूळचा २०२५ च्या डिसेंबरमध्ये विकला, मानपाड्याचा बघायला लोक येतायत, आणि शोध घोडबंदर रोडलाच थ्री बीएचकेचा, कारण मुलीची शाळा इथेच आणि मेट्रो ४ ची धूळ एवढी वर्षं खाल्ली तर आता तिच्यात बसल्याशिवाय इथून हलायचं नाही असं नवऱ्याने ठरवलंय. या सगळ्यात मी टॅक्सचं इतकं वाचलंय, सीएला इतके प्रश्न विचारलेत की आता ते लिहूनच टाकते. मी सीए नाही, तुमच्या केसला तुमचा सीए गाठा, पण त्याला काय विचारायचं हे तरी माहीत पाहिजे ना.

सुरुवात मात्र अमेरिकेपासून करते, कारण माझी आतेबहीण न्यू जर्सीला असते आणि तिचं हुबेहूब आमच्यासारखंच आहे. तिचा जर्सी सिटीला लग्नाआधीचा काँडो, म्हणजे फ्लॅटच, तिच्या नवऱ्याचं एडिसनला घर, लग्नानंतर ती एडिसनला राहायला गेली आणि काँडो भाड्याने दिला. आता तिलाही दोन्ही विकायचेत. रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला, तिच्याकडे शनिवारची रात्र, "ताई अगं इथे पाच लाख डॉलरपर्यंत माफ आहे, मग एवढं काय डोकं खायचं?" मी म्हटलं तुझ्या टॅक्सवाल्याला विचार, पाच लाख एकदा की दोन घरांना दोनदा. आणि तिथून ते त्रांगडं सुरू झालं.

तिकडचा नियम कलम १२१ चा. राहतं घर विकून नफा झाला तर एकट्या माणसाला अडीच लाख डॉलर आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोला मिळून पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा टॅक्समधून वगळतात. नवीन घर घ्यायची अट नाही, पैसे कुठे घालवलेत कोणी विचारत नाही. मुख्य अट राहण्याची, विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं ते घर तुमच्या मालकीचं हवं आणि तुम्ही तिथे प्रत्यक्ष राहिलेलं हवं. दोन वर्षं सलग असायची गरज नाही, महिने जोडून चोवीस झाले की झालं. आणि ही सूट दोन वर्षांत एकदाच वापरता येते.

जोडप्याच्या पाच लाखांसाठी दोघांपैकी एकाच्या मालकीचं असलं तरी चालतं, पण राहिलेले मात्र दोघंही हवेत आणि गेल्या दोन वर्षांत दोघांपैकी कोणीही दुसऱ्या घरावर ही सूट घेतलेली नको. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, दोन घरंवाल्यांची गोची इथेच होते.

आकडे धरून सांगते, तिचे खरे आकडे नाहीत, समजायला घेतलेत. काँडोवर नफा ९० हजार डॉलर, एडिसनच्या घरावर साडेतीन लाख. आता तिने काँडो आधी विकला, तिच्या स्वतःच्या अडीच लाखांच्या कोट्यातून ९० हजार माफ करून घेतले, छान. पण पुढच्या दोन वर्षांच्या आत एडिसन विकलं तर तिचा कोटा वापरून झालेला, तेव्हा त्या घरावर फक्त नवऱ्याचे अडीच लाख चालणार, पाच नाही. वरचे एक लाख टॅक्सला लागले, १५ टक्क्यांच्या स्लॅबने १५ हजार डॉलर. म्हणजे ९० हजार वाचवायच्या नादात एक लाख उघडे पडले. उलटं केलं, आधी एडिसन विकलं तर साडेतीन लाख पूर्ण माफ, पण मग काँडोला दोन वर्षं हात लावता येत नाही, आणि तोपर्यंत काँडो सोडून तीन वर्षं होऊन गेली की पाचातली दोन वर्षं हा हिशोबच बसत नाही. तिचा टॅक्सवाला म्हणाला अजून एक रस्ता आहे, काँडो विकताना सूट घेऊच नका, त्या ९० हजारांवर टॅक्स भरून टाका आणि कोटा मोठ्या घरासाठी राखून ठेवा, तशी कायद्यातच सोय आहे.

आणि सगळ्यात भारी रस्ता म्हणजे थांबणं. काँडो आत्ता सूट घेऊन विकायचा, एडिसनच्या घरातून नवीन घरात गेले तरी जुनं लगेच न विकता भाड्याने द्यायचं आणि दोन वर्षं उलटली की तिसरं वर्ष संपायच्या आत विकायचं, तेव्हा पाचात दोन पण बसतं आणि दोन वर्षांत एकदा पण बसतं. फक्त भाड्याने दिलेल्या काळात जो घसारा (घर जुनं होतं म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट) निघतो तेवढा नफा या सूटमध्ये बसत नाही, त्यावर २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स लागतोच. पण मला सांगा, मोठं घर आणि पडून असलेलं घर, दोन्हींचे हप्ते दोन वर्षं खेचायला छाती पाहिजे की नाही.

हे अडीच आणि पाच लाखांचे आकडे १९९७ साली ठरले आणि अजून तेच आहेत, महागाईप्रमाणे वाढत नाहीत. त्याआधी तिकडे पण बऱ्यापैकी आपल्यासारखंच होतं हे वाचून मला फार मजा वाटली, जुनं घर विकून दोन वर्षांत तेवढ्याच किंवा जास्त किमतीचं नवीन घेतलं की नफ्यावरचा टॅक्स पुढे ढकलला जायचा, आणि ५५ वर्षांच्या वरच्यांना आयुष्यात एकदा सव्वा लाख डॉलरची माफी. ते सगळं १९९७ मध्ये मोडीत काढून हे सुटसुटीत केलं. सुटसुटीत म्हणे.

आता आपल्याकडे.

आपल्या इन्कम टॅक्सला जोडपं असं काही माहीतच नाही. लग्नात तुम्ही हजार माणसं जेवायला घातली असतील, टॅक्सला तुम्ही दोन पॅन कार्डं आहात. एकत्र रिटर्न हा प्रकार नाही. (गोव्यात वेगळं आहे, तिथे पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरतात, पण आपण ठाण्यात राहतो.) त्यामुळे माझ्या फ्लॅटचा नफा माझा, त्याच्या फ्लॅटचा त्याचा, आणि सूटही ज्याची त्याला. कोणी आधी विकला कोणी नंतर, याने एकमेकांचं काही बिघडत नाही. आतेबहिणीचं जे क्रमाचं दुखणं आहे ते आपल्याला नाहीच.

दुसरं म्हणजे आपल्याकडे तुम्ही तिथे राहिलात का हे कोणी विचारत नाही. नेरूळच्या फ्लॅटमध्ये मी लग्नानंतर एक दिवस राहिले नाही, भाडेकरू होता, तरी कलम ५४, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यावरची आपल्याकडची सूट, लागतं, फक्त घर राहण्याचं हवं आणि २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेलं हवं. पण अमेरिकेत जे विचारत नाहीत ते आपल्याकडे खोदून खोदून विचारतात, ते म्हणजे पैसे कुठे गेले. नफ्याएवढी रक्कम भारतातच दुसऱ्या राहत्या घरात घालायची, विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत विकत घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधून घ्यायचं. एक वर्ष आधीची सोय लोकांना माहीतच नसते, म्हणजे आधी मोठं घर घेऊन, सामान हलवून, मग निवांत जुनं विकलं तरी चालतं, फक्त वर्षाच्या आत. ही सूट जास्तीत जास्त १० कोटींपर्यंत, ते २०२३ च्या बजेटमध्ये आलं, आपल्यासारख्यांना त्याचं काही नाही, ते मलबार हिलवाल्यांचं दुखणं.

१ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण आमचा सीए अजून ५४च म्हणतो आणि मला वाटतं निवृत्त होईपर्यंत तेच म्हणेल.

आकडे बघा. माझा नेरूळचा फ्लॅट २०१०-११ मध्ये स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन धरून २८ लाखांना पडला असं समजा, आणि ९५ लाखांना विकला. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला, तुम्ही रेसिडेंट असाल तर, दोन हिशोब करून ज्यात टॅक्स कमी तो भरता येतो. एक, सरळ नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे ६७ लाखांवर ८ लाख ३७ हजार. दोन, इंडेक्सेशन लावून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या इंडेक्सप्रमाणे वाढवून, उरलेल्या नफ्यावर वीस टक्के. २०१०-११ चा इंडेक्स १६७, २०२५-२६ चा ३७६, तेव्हा २८ लाखांचे होतात ६३ लाख, नफा उरला ३२ लाखांच्या आत, त्यावर वीस टक्के म्हणजे ६ लाख ३९ हजार. म्हणजे माझ्या केसमध्ये जुनाच हिशोब स्वस्त पडला. जुलै २४ च्या बजेटमध्ये इंडेक्सेशन काढलं म्हणून टीव्हीवर सगळे ओरडत होते तेव्हा मला वाटलेलं काहीतरी आकाश कोसळलं, प्रत्यक्षात ज्याची किंमत खूप पटींनी वाढली त्याला साडेबारा परवडतं आणि ज्याची रडत-खडत वाढली त्याला इंडेक्सेशन. नेरूळ पंधरा वर्षांत साडेतीन पट सुद्धा नाही झालं. नवऱ्याचा ४२ लाखांचा, २०१२-१३ चा, इंडेक्स २००, एक कोटी पाच लाखांना गेला तर त्याचे इंडेक्सेशनने ५ लाख २१ हजार, साडेबाराने पावणेआठ लाखांच्या वर. दोघांचे मिळून, सेस धरून, बारा लाखांच्या आसपास. मोठं घर घेतलं तर शून्य. बारा लाखांत आमचं अख्खं मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब होतात, त्यामुळे हा विषय मी सोडणार नव्हतेच.

खर्च वजा करायला विसरू नका. ब्रोकरेज, वकिलाची फी, आणि नवी मुंबईवाल्यांनो, सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस. जमीन सिडकोची लीजवर असते त्यामुळे विकताना सिडकोची परवानगी आणि पैसे आलेच, ते कोणी भरायचे हे घेणारा-देणारा आपसात ठरवतात, विकणाऱ्याने भरले असतील तर ते विक्रीचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतात, पण पावती तुमच्या नावाची हवी. सोफा, फ्रिज, एसी हे काही घराच्या किमतीत धरता येत नाही, कितीही जीव लावून घेतलेले असोत.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. दोघं आपापला फ्लॅट विकून मिळून एक घर घेणार असाल तर नवीन घराच्या ॲग्रीमेंटवर दोघांची नावं हवीत आणि दोघांचे पैसे दोघांच्या खात्यातून गेलेले दिसायला हवेत. माझा नफा माझ्या वाट्यात, त्याचा त्याच्या वाट्यात. नुसतं नाव असून उपयोग नाही आणि नुसते पैसे देऊनही नाही.

यावर लगेच ब्रोकरचा सल्ला येतो. महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. ठाण्यात सगळं मिळून सात टक्के लागतात तिथे सहा. आम्हाला जे दाखवत होता तो मुलगा कॅल्क्युलेटर काढून म्हणाला, मॅडम तुमच्या एकटीच्या नावावर करा, दोन कोटी दहा लाखांवर सरळ दोन लाख दहा हजार वाचले. नवरा खूश. मी म्हटलं थांब. याचं नावच नसेल तर याच्या मानपाड्याच्या नफ्याला ५४ कसं मिळणार? नाही मिळालं तर सेससकट ५ लाख ४२ हजार भरा. दोन वाचवायचे आणि साडेपाच घालवायचे. यावर कोर्टांची पण मतं वेगवेगळी आहेत. दिल्ली हायकोर्टाने २०१३ मध्ये बायकोच्या नावावर घेतलेल्या घराला सूट दिली, ते कलम ५४एफचं (घर सोडून दुसरं काही विकून घर घेतलं तर लागणारं कलम) प्रकरण होतं, पण मुंबई हायकोर्टाने त्याआधी २००८ मध्ये दत्तक मुलाच्या नावावर घेतलेल्या घराला नाकारली, घर स्वतःच्या नावावर पाहिजे म्हणून. आपण येतो मुंबई हायकोर्टाखाली. दिल्लीचं जजमेंट घेऊन ठाण्यातल्या ऑफिसरशी भांडायची हौस असेल त्यांनी खुशाल भांडावं.

आणखी एक सल्ला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आला. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना गिफ्ट दिलं तर स्टॅम्प ड्यूटी फक्त २०० रुपये, सेस वेगळा. तेव्हा एका काकांचं म्हणणं, ज्याचा टॅक्स कमी बसतो त्याच्या नावावर आधी गिफ्ट करा आणि मग विका. काकांचा हेतू चांगला आहे, पण रजिस्ट्रार ऑफिसचे २०० रुपये आणि इन्कम टॅक्स ही दोन वेगळी दुकानं आहेत. गिफ्टवर टॅक्स नाही हे खरं, पण नवऱ्याने बायकोला फुकट दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न, आणि ती विकली तर नफाही, परत नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, यालाच क्लबिंग म्हणतात. भाडं येत असेल तर ते पण देणाऱ्याच्याच नावे. म्हणजे दस्त करायचा, टोकन घ्यायचं, अंगठे द्यायचे, फोटो काढायचा आणि टॅक्स जिथे होता तिथेच. मुलाबाळांसाठी, वारसासाठी गिफ्ट डीड वेगळी गोष्ट, पण विकायच्या आधी टॅक्स वाचवायला याचा उपयोग नाही.

ज्यांच्या फ्लॅटवर आधीपासूनच दोघांची नावं आहेत त्यांची वेगळीच मजा. आपल्याकडे बायकोचं नाव "असावं" म्हणून टाकतात, पैसा सगळा नवऱ्याचा, लोन त्याचं, हप्ते त्याचे. विकताना मात्र किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो आणि त्याचा फॉर्म भरतो, जुन्या कायद्यात तो २६क्यूबी होता, प्रत्येक विकणाऱ्या-घेणाऱ्याच्या जोडीला वेगळा, घेणारे दोन आणि विकणारे दोन तर चार फॉर्म. मग निम्मी रक्कम बायकोच्या पॅनवर दिसायला लागते, ती घरी असेल, रिटर्न भरत नसेल, तर वर्षाने तिला नोटीस येते, तुम्ही घर विकलंत, नफा कुठाय. माझ्या शेजारच्या वहिनींना अशी आली तेव्हा त्या बिचाऱ्या घाबरून पोलिसांचं काही आहे का विचारत होत्या. टॅक्स ज्याने पैसे घातले त्याच्याकडेच जातो साधारण, पण ते दाखवायला जुन्या बँक स्टेटमेंट्स, लोनचं सर्टिफिकेट लागतं, २००८ चं पासबुक कोणाकडे असतं हो? माझ्याकडे आहे. बाबांनी फाइल करून दिलीय, इंडेक्स टू, पझेशन लेटर, स्टॅम्प ड्यूटीची पावती, सगळं प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये, वर त्यांच्या अक्षरात "नेरूळ – हरवू नये". तेव्हा हसले होते, आता रोज उघडते ती फाइल.

दोघांचे खरंच निम्मे पैसे असतील तर मात्र दोन पॅनचा फायदा आहे. घर घ्यायचं नसेल तर नफा सहा महिन्यांत ५४ईसीच्या बाँडमध्ये टाकता येतो, आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे, माणशी ५० लाखांपर्यंत, म्हणजे जोडप्याला एक कोटी. पाच वर्षं पैसे अडकतात, व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आणि त्या व्याजावर परत टॅक्स. माझ्या सासूबाईंना हे बाँड फार आवडले, मला नाही.

तसंच नफा दोन कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा एका घराच्या बदल्यात दोन घरं घेता येतात, हेही माणशी. नौपाड्यातला मोठा जुना फ्लॅट विकून दोन मुलांसाठी दोन लहान घ्यायचे असे लोक आहेत, त्यांना उपयोगी. नावं मात्र विकणाऱ्याचीच, मुलांची नंतर बघा.

आतेबहिणीला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली मग वाशीचा फ्लॅट? आत्याने तिच्या नावावर केलेला आहे एक. त्याचं गणित तर अजूनच वेगळं. ती एनआरआय, त्यामुळे इंडेक्सेशनवाला पर्याय तिला नाही, साडेबारा म्हणजे साडेबारा. घेणाऱ्याने एक टक्का नाही तर एनआरआयच्या दराने टीडीएस कापायचा, आणि कमी कापायचं सर्टिफिकेट आधी काढलं नसेल तर तो नफ्यावर नाही, अख्ख्या रकमेवर कापतात, मग रिफंडची वाट बघत बसा. ५४ एनआरआयला पण मिळतं, म्हणजे वाशीचं विकून भारतातच दुसरं घर घेतलं तर इथे टॅक्स शून्य. पण अमेरिकेला आपलं ५४ माहीत नाही. ती तिकडची सिटिझन, तिचं जगभरचं उत्पन्न तिकडच्या रिटर्नमध्ये जातं, वाशीत ती राहिलेली नाही तेव्हा १२१ लागत नाही, आणि इथे टॅक्स भरलेलाच नाही तर तिकडे वजावट कशाची घेणार. म्हणजे इथे वाचवलेला टॅक्स तिकडे भरायचा. ती दोन मिनिटं गप्प आणि मग "जाऊ दे ताई, भाडेकरू चांगलाय."

आमच्याकडे आता तारखांचं टेन्शन. नेरूळचा डिसेंबरमध्ये विकला, म्हणजे ३१ जुलै २०२६ पर्यंत, रिटर्न भरायच्या मुदतीच्या आत, घर घेतलं नाही तर नफ्याची रक्कम कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीममध्ये ठेवायला लागते. १९८८ ची स्कीम आहे, नवीन काही नाही, तरी ठाण्यातल्या एका बँकेच्या शाखेत काउंटरवरची मुलगी म्हणाली मॅडम असं अकाउंट नसतं, एफडी करा, सीनियर सिटिझन असाल तर अर्धा टक्का जास्त. मी एक्केचाळीस. आतल्या साहेबांनी फॉर्म काढून दिला, त्यांनी पण बराच वेळ ड्रॉवर उचकला. साधी एफडी केली आणि ३१ जुलै उलटली तर सूट गेली, एवढं लक्षात ठेवा. या अकाउंटचे दोन प्रकार, टाइप ए सेव्हिंगसारखा, टाइप बी एफडीसारखा. घर दोन-चार महिन्यांत ठरणार असेल तर ए घ्या. पैसे काढायला फॉर्म भरावा लागतो, काढल्यावर ६० दिवसांत घरासाठी वापरायला लागतात, आणि खातं बंद करायला इन्कम टॅक्स ऑफिसरची मंजुरी. म्हणजे पैसे तुमचे पण बँकेकडे बघून हात जोडायचे.

मुदतीमुळेच आम्ही अंडर-कन्स्ट्रक्शन टाळतोय. ते बांधून घेण्यात धरलं तरी तीन वर्षं, आणि घोडबंदरला महारेराच्या साइटवर पझेशनच्या तारखा बघितल्या की त्यातल्या किती एकदा तरी पुढे ढकलल्यात ते तुम्हीच बघा. बिल्डरमुळे उशीर झाला तर कोर्टातून दिलासा मिळालेली माणसं आहेत, पण त्यासाठी आधी कोर्टात जायला लागतं. आणि नवीन घर घेतल्यावर तीन वर्षं विकायचं नाही, विकलं तर आत्ता माफ झालेला नफा तेव्हा त्या घराच्या किमतीतून वजा करून हिशोब होतो, म्हणजे सुटलेला टॅक्स मागल्या दाराने परत. ब्रोकरला म्हणून एकच गोष्ट सांगून ठेवलीय, टॉवरचं नाव, क्लब हाउस, खाडीचा व्ह्यू काही सांगू नकोस, ओसी, म्हणजे राहायच्या परवानगीचा दाखला, आली असेल तरच फोन कर.